नापिकीचे वर्ष: नवसाचे रोडगे की सामुदायिक प्रार्थना?

कपाशीवर बोंडअळी पडली किंवा सोयाबीन ऐन काढणीत भिजले, तरी विदर्भातील खेड्यांत देवाकडचा ओढा आटत नाही. त्याची वाट तेवढी बदलते.

एक वाट नवसाची. नवस फेडायचा म्हणजे देवळाच्या आवारात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजायचे, वांग्याची भाजी आणि वरण रांधायचे आणि गावाला पंगत घालायची. हात रिकामा असला की हे जेवण पुढच्या हंगामावर ढकलले जाते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, सावकाराच्या पैशाने उरकले जाते. ऋण काढून सण करू नका असे गाडगेबाबा आयुष्यभर सांगत राहिले, ते याच विदर्भातल्या अमरावती जिल्ह्याचे.

दुसरी वाट सामुदायिक प्रार्थनेची. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन केला. त्यांनी गावोगाव रुजवलेल्या या प्रार्थनेला सतरंजी आणि खंजिरी पुरते. मात्र 'माझ्या घराचे बघ' असे देवाशी थेट बोलणे तिच्यात बसत नाही, म्हणून घरात दुखणे असलेली बाई प्रार्थनेला जाऊनही नवस बोलतेच. खर्चाच्या हिशेबाने मी प्रार्थनेच्या बाजूचा आहे. परंतु धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादात बोलणे टाकलेले भाऊबंद एका ओळीत जेवायला बसतात ते पंगतीतच, आणि तेवढे प्रार्थनेला अजून साधलेले दिसत नाही.