ट्रेडमिलवर पळवून शूज देणारं दुकान: मशीनला २ स्टार, माप घेणाऱ्या पोरीला ५

दुकानाचं नाव देत नाहीये, कारण हा प्रकार आता एका दुकानापुरता राहिलेला नाही. जरा बऱ्यापैकी स्पोर्ट्स शोरूममध्ये गेलात की कोपऱ्यात ट्रेडमिल, मागे कॅमेरा आणि टीव्हीवर आपल्याच टाचा स्लो मोशनमध्ये. वर बोर्ड, 'फ्री गेट अ‍ॅनालिसिस', म्हणजे तुमची पळण्याची ढब फुकटात तपासून देतो. मी गेले ते ठाण्यातल्या एका मॉलमधलं. पळणं नवीन आहे, उपवन तलावाला सकाळी थोडं चालत थोडं पळत करते, आणि बजेट दहा हजारच्या आत, त्यावर एक रुपया नाही असं घरी सांगून निघाले होते.

तर आधी मशीन. सेल्समन दादांनी अनवाणी पळायला लावलं, जेमतेम मिनिटभर, मग स्क्रीनवर टाचेवर लाल रेघा ओढल्या आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मॅडम, तुम्हाला ओव्हरप्रोनेशन आहे." म्हणजे पाऊल पडल्यावर जरा जास्तच आत कलतं. अहो, थोडं आत कलणं हे सगळ्यांच्याच पावलाचं काम आहे, धक्का तसाच तर जिरतो. पण ऐकताना असं वाटतं की रिपोर्टच आलाय हातात. आणि त्यावर उपाय म्हणून जे स्टॅबिलिटी शूज (पाऊल आत कलू नये म्हणून आतल्या बाजूने आधार दिलेले) बाहेर आले ते योगायोगाने त्या रॅकवरचे सगळ्यात महाग.

दुकानात जाण्याआधी यावर थोडं वाचलं होतं म्हणून बरं. डेन्मार्कमध्ये ९२७ नवीन पळणाऱ्यांना, पाय कसाही असो, सरसकट एकाच प्रकारचे साधे न्यूट्रल, म्हणजे असा जादा आधार नसलेले, शूज देऊन वर्षभर लक्ष ठेवलं होतं, २०१४ साली तो अभ्यास छापून आला. पाय आत कलणाऱ्यांना जास्त दुखापती झाल्या असं काही निघालं नाही. अमेरिकन सैन्यातही नव्या भरतीवाल्यांना तळव्याचा आकार बघून शूज देऊन पाहिले, त्यानेही दुखापती कमी झाल्या नाहीत. कॅनडातले बेन्नो निग, ज्यांचं सगळं आयुष्य पळणाऱ्यांचे पाय अभ्यासण्यात गेलं, तेसुद्धा शेवटी पायाला जो आरामशीर वाटतो तो बूट घ्या याच मुद्द्यावर आले. आता गुडघ्याचं जुनं दुखणं असेल, शुगर असेल तर गोष्ट वेगळी, पण मग डॉक्टर किंवा फिजिओकडे जायचं, मॉलमध्ये नाही. ओल्या पायाचा ठसा फरशीवर उमटवून सपाट की कमानदार बघायची जी ट्रिक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते तीही याच खात्यातली, बघायला मजा येते एवढंच.

दादा मग कार्बन प्लेटवाला, म्हणजे सोलमध्ये कार्बनची कडक पट्टी असलेला रेसचा शूजही घेऊन आले. केनियाचा मॅरेथॉनपटू किपचोगे याने २०१९ मध्ये व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदात मॅरेथॉनचं अंतर कापलं ते असल्याच शूजमध्ये, हे मान्य. पण मला उपवनचा एक राउंड न थांबता मारायचाय हो.

इथवर वाचून वाटेल की दुकान वाईट. नाही. कारण मग ती पोरगी आली, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडली असावी इतकी लहान, आणि तिने पहिला प्रश्न विचारला, "ताई, मोजे कुठले घालून पळता?" मी पळायचे मोजे पर्समध्येच नेले होते, ते घालायला लावले, उभं करून दोन्ही पायांचं माप घेतलं. उभं राहूनच घ्यायचं, कारण वजन पडल्यावर पाऊल पसरतं, आणि दोन्ही पायांचं घ्यायचं, कारण बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो, साइज त्या मोठ्याची धरायची. संध्याकाळी आलात ते बरं केलंत, म्हणाली, दिवसभरात पाय थोडे सुजतात, पळतानाही सुजतात. पुढे बोटांसमोर अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, आणि ती सगळ्यात लांब बोटापासून मोजायची, माझं पायाचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे तर तिने तिथूनच चाचपून पाहिलं. आपल्याकडे चालतात ते यूके नंबर, एका नंबरात तिसरा हिस्सा इंच म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटरचा फरक, अर्ध्या नंबरात चार. त्यामुळे चप्पल ५ नंबरची असली तरी रनिंगला साडेपाच किंवा ६ लागणं अगदी नॉर्मल.

आता खरी कामाची गोष्ट, जी मला कुठल्याही यूट्यूबवाल्याने सांगितली नव्हती. माझा चवडा रुंद आहे. बायकांच्या शूजची नेहमीची रुंदी 'बी', पुरुषांची 'डी', म्हणजे जास्त. बायकांमध्येही 'डी' वाइड बनतो पण आपल्याकडच्या दुकानात तो दिसेल तर शपथ. (चेन्नईच्या सेंट्रल लेदर रिसर्च इन्स्टिट्यूटने लाखावर लोकांचे पाय मोजले तेव्हाही भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेपेक्षा रुंदच निघाले, त्यावरून 'भा' नावाची आपली साइज पद्धतही सुचवलीय, पण बॉक्सवर अजून यूकेच.) तर ती म्हणाली, ताई पुरुषांचा ६ घालून बघा. यूके नंबर बाई-पुरुष दोघांना एकच असतो, अमेरिकन नंबरात मात्र दीडचा फरक पडतो, ऑनलाइन घेताना ते नीट बघायचं. घातला आणि करंगळी मोकळी झाली! शिवाय काळा-राखाडी मिळाला. बायकांचा म्हटला की जांभळट-गुलाबीच का काढतात हे लोक कोण जाणे.

तिने तीन वेगवेगळे जोड दुकानाबाहेरच्या पॅसेजमध्ये पळून बघू दिले, वॉचमन बघत होता, बघू दे. टाच वर निघते का, चवडा बाजूने आवळतो का, बोटं पुढे आपटतात का, एवढंच बघ म्हणाली. "वापरून सैल होईल" हे कोल्हापुरीला ठीक आहे, रनिंग शूज पहिल्या मिनिटाला टोचला तर परत द्यायचा. टाच थोडी हलत होती तर वरचं ते एरवी रिकामं राहणारं शेवटचं भोक वापरून लेस बांधून दिली, टाच बसली.

घेतला तो असिक्सचा जेल-क्युम्युलस, मागच्या वर्षीचं व्हर्जन, म्हणून बजेटमध्ये बसला. नवीन व्हर्जन आलं की जुन्याची किंमत चांगलीच उतरते, आणि आपल्यासारख्यांना त्यातला फरक कळतही नाही. टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, ज्याला ड्रॉप म्हणतात, तो यात ८ मिलिमीटर आहे. आमच्या पळणाऱ्या ग्रुपमधल्या काकांचा आल्ट्रा कंपनीचा आहे, शून्य ड्रॉपवाला, त्यांना तो झकास चालतो, पण एकदम तसला घेतला तर सगळा ताण पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर येतो, नवख्याने त्या वाटेला जाऊ नये असं काका स्वतःच सांगतात. टाचेतलं जेल हे असिक्सचं १९८६ पासूनचं प्रकरण, पण खरा मऊपणा सोलमधल्या फोमचाच आहे. पेव्हर ब्लॉकवर आणि डांबरावर दोन्हीकडे पाय खूश. येऊरच्या जंगलातल्या मातीच्या पायवाटांसाठी हा नाही, ग्रिप रस्त्याची आहे.

पावसात भिजला की इनसोल बाहेर काढायचं, आत पेपरचे बोळे कोंबायचे आणि पंख्याखाली ठेवायचा, उन्हात किंवा हीटरजवळ नाही, फोम आणि गोंद दोन्ही खराब होतात. साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतो म्हणतात, आठवड्याला दहा किलोमीटर धरले तर वर्ष आरामात.

बदलून देण्याबद्दल आधी विचारून घ्या. इथे रस्त्यावर घातलेला परत घेत नाहीत, घरातल्या घरात घातलेला बॉक्स आणि बिलासकट घेतात, म्हणून मी आधी हॉलमध्येच येरझाऱ्या घातल्या, खालच्या काकूंनी फोन करून विचारलं काय चाललंय. आणि रविवारी अजिबात जाऊ नका, त्या दिवशी सगळा स्टाफ बिलिंगला असतो, माप घ्यायला कुणी मिळत नाही आणि पार्किंगचे पैसे वेगळे.