जुनी पेट्रोल गाडी: ई-२० वरच चालवायची की सीएनजी किट बसवायचं?

एप्रिल २०२३ च्या आधी बनलेली पेट्रोल कार तुमच्याकडे असेल आणि ती विकायची नसेल, तर मुंबईत सध्या दोन वाटा आहेत. पंपावर मिळतं ते ई-२० भरत राहायचं, म्हणजे वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. नाहीतर मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून आरसीवर तशी नोंद करून घ्यायची. याची चर्चा अ‍ॅव्हरेजवर सुरू होते आणि अ‍ॅव्हरेजवरच संपते. माझ्या मते आधी एवढं बघा: गाडी आठवड्यातून किती चालते आणि किती उभी असते? दोन्ही इंधनांचे गुणदोष यावरच ठरतात.

पाइप, वॉशर, टाकी

पेट्रोल मुळात जबरदस्त द्रावक आहे. थर्माकोल त्यात बघता बघता विरघळतो, डांबर मऊ पडतं. पंपाच्या आवारात डांबराऐवजी काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक दिसतात ते म्हणूनच. त्यामुळे जुन्या गाड्यांचे पाइप आणि ओ-रिंग पेट्रोल सोसणाऱ्या नायट्राइल रबराचे केलेले असत. इथेनॉल मिसळलं की हिशेब बदलतो. हे मिश्रण साध्या नायट्राइलमध्ये नुसत्या पेट्रोलपेक्षा जास्त मुरतं. रबर फुगतं, मऊ होतं, आणि गाडी बरेच दिवस उभी राहून पाइप कोरडा पडला की आकसून त्याला बारीक भेगा जातात. कॉर्कच्या गॅस्केटचंही तेच. ज्याला गॅरेजमध्ये ‘वायटन’ म्हणतात त्या फ्लुओरो-रबराला मात्र फारसं काही होत नाही. तोच आकार, तेच माप, फक्त रबर वेगळं. म्हणून जुन्या गाडीसाठी हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी बदल आहे.

धातूंची गोष्ट पाण्याशी जोडलेली आहे. पेट्रोल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, इथेनॉल मात्र पाणी ओढून घेतं. थोडं पाणी असेल तोवर ते मिश्रणात राहून इंजिनात जळून जातं. प्रमाण वाढलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी बसतं. पंप नेमका तळातूनच ओढतो, म्हणजे इंजिनाला जातो तो हाच थर. हा थर पडून राहिला की लोखंडी टाकी आतून गंजते, अ‍ॅल्युमिनियमच्या कार्बोरेटरवर पांढरी भुकटी धरते, जस्ताचा मुलामा झिजतो. ई-१० (दहा टक्के इथेनॉल) पेक्षा ई-२० जास्त पाणी पोटात ठेवू शकतं, हेही सांगायला हवं. नुसत्या दमट हवेने टाकीत थर सुटायला बराच काळ लागतो. खरा धोका झाकणाच्या कुजलेल्या वॉशरमधून आत जाणाऱ्या पावसाच्या पाण्याचा आहे, आणि जुलैत चार-चार दिवस उघड्यावर भिजणाऱ्या गाड्या मुंबईत प्रत्येक गल्लीत आहेत.

आणखी एक त्रास सुरुवातीलाच होतो. इथेनॉल टाकीतली जुनी गाळवट सोडवतं आणि ती फिल्टरमध्ये येऊन अडकते. गाडी धक्के देत चालू लागली तर इंजिन उघडण्याआधी फिल्टर बदलून बघा.

सीएनजी, म्हणजे मुख्यतः मिथेन वायू, या सगळ्यातून सुटतो. मिथेन काही विरघळवत नाही, रबर फुगवत नाही, इंजिनाच्या सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढत नाही. सीएनजी गाडीचं इंजिन ऑइल जास्त काळ स्वच्छ राहतं ते यामुळेच. पण तो कोरडा वायू आहे. द्रव इंधनाच्या थेंबांनी व्हॉल्व्हच्या सीटला जो थोडा गारवा मिळतो तो इथे नाही, त्यामुळे मऊ सीट असलेल्या जुन्या इंजिनात त्या झिजतात. ठिणगीही जास्त ताकदीची लागते, म्हणून प्लग आणि कॉइल कमकुवत असतील तर सीएनजीवर आधी कळतं.

आणि गंज इथेही आहे, फक्त बाहेरून. टाकीत गॅस सुमारे २०० बारच्या दाबाने भरलेला असतो, टायरमधल्या हवेच्या जवळपास नव्वदपट. वर्सोवा, वरळी, कुलाबा अशा समुद्रालगतच्या भागात खारी हवा टाकीच्या पट्ट्यांना आणि गाडीखालून जाणाऱ्या पाइपला खाते. दर ३ वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) बंधनकारक आहे. त्यात चालढकल करणाऱ्याने किट बसवूच नये, इतकं माझं मत ठाम आहे.

गळती झाली तर

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बेसमेंटच्या जमिनीलगत पसरत जाते, आणि पेट्रोलला पेट घेण्याइतकी वाफ सोडायला शून्याखाली ४० अंशांच्या आसपासचं तापमानही पुरतं. मिथेन हवेपेक्षा हलका, उघड्यावर वर निघून जातो. बंद तळघरात मात्र छताखाली साठतो. मिथेनला स्वतःचा वास नसतो, वास मुद्दाम मिसळलेला असतो. सोसायटीच्या तळघरातले एक्झॉस्ट पंखे चालू आहेत का, हे दोन्ही बाबतींत विचारायला हवं.

हवा आणि पाणी

इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे ज्वलन जास्त पूर्ण होतं. नीती आयोगाच्या इथेनॉल मिश्रणावरच्या २०२१ च्या आराखड्यानुसार ई-२० मुळे कार्बन मोनॉक्साइड चारचाकीत सुमारे ३० टक्के आणि दुचाकीत ५० टक्के कमी होतो. दुसऱ्या बाजूला अ‍ॅसिटाल्डिहाइड हा घातक वायू वाढतो. त्याच आराखड्यात मूळच्या ई-० (बिनइथेनॉल पेट्रोलच्या) गाडीचं, ई-१० साठी जुळवलेली असली तरी, अ‍ॅव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असं म्हटलं आहे. कारण साधं, लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलच्या दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. आणि उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं, हाही आकडा तिथलाच. टँकरवर उन्हाळा काढणाऱ्या गावांच्या राज्यात राहून हा आकडा मला बाजूला ठेवता येत नाही. मका किंवा खराब धान्यापासून केलेल्या इथेनॉलचं गणित निराळं आहे, पण नोझलमधून आलेलं कुठलं हे आपल्याला कळत नाही.

गळलेलं पेट्रोल जमिनीत झिरपल्यावरही त्यातलं इथेनॉल नुसतंच निघून जात नाही. जमिनीतले जिवाणू आधी त्याच्यावर तुटून पडतात, तिथला ऑक्सिजन संपवतात, आणि पेट्रोलमधलं कर्करोगकारक बेन्झीन मागे जास्त काळ टिकून दूरवर पसरतं.

सीएनजीचा धूर शहरासाठी स्वच्छ आहे: काजळी जवळजवळ नाही, बेन्झीन नगण्य. मात्र न जळता सुटलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापमानवाढ करतो. सैल जोडणीतून होणारी बारीक गळती स्वच्छ इंधनाचा फायदा खाऊन टाकते.

मग काय करायचं?

रोज ठाण्याहून अंधेरीला किंवा वाशीहून फोर्टला गाडी जात असेल, आरसी संपायला पाच-सहा वर्षं असतील, इंजिनाचं कॉम्प्रेशन चांगलं असेल, तर सीएनजी घ्या. डिकी जाईल, रांगेत उभं राहावं लागेल, चढावर पिकअप कमी वाटेल. पण या शहराच्या रिक्षा आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सी दोन दशकांहून अधिक काळ सीएनजीवर आहेत. त्यामुळे हात बसलेला मेकॅनिक इथे शोधावा लागत नाही. एक गोष्ट विसरू नका. सीएनजी गाडीही सुरू पेट्रोलवरच होते, आणि टाकीतलं तेच ई-२० महिनोन् महिने पडून राहतं. म्हणून थोडंच भरा आणि दर आठवड्याला काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा. टाकी रिकामीही ठेवू नका, आतला पंप पेट्रोलनेच गार राहतो.

गाडी फक्त शनिवार-रविवारी निघत असेल, किंवा पासिंगला दोनच वर्षं उरली असतील, तर किटचा खर्च वसूल होणार नाही. ई-२० वर राहा, पण पाइप आणि ओ-रिंग वायटनचे करून घ्या, झाकणाचा वॉशर बदला, आणि पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी जवळजवळ भरलेली ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. जुन्या दुचाकीसाठीही मी हेच सांगेन. कार्बोरेटर असेल तर महिनाभर उभी करण्याआधी पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा.

थर सुटलेलं पेट्रोल टाकीतून काढावं लागलं तर ते वेगळ्या बंद डब्यातून गॅरेजला द्या. रस्त्याकडेच्या गटारात ओतलेलं कुठल्याही शुद्धीकरण केंद्रात जात नाही, नाल्यातून थेट खाडीत उतरतं.