खुर्चीवाली काठी: ७ महिने वापरल्यावर

फेब्रुवारी २०२५ मध्ये गोव्याला जायचं ठरलं तेव्हा आईसाठी घेतलेली, मिटली की काठी आणि उघडली की तीन पायांचं स्टूल. १४०० ला पडली. आईचे गुडघे गेलेत, दहा मिनिटं उभी राहिली की भिंत शोधते, आणि तिला ओल्ड गोव्याची चर्चच बघायची होती, बीच तुमचे तुम्ही बघा म्हणाली.

पहिली परीक्षा तिथेच झाली. बॉम जेझुस चर्चमध्ये बसायला बाकं आहेत त्यामुळे काठीचं काम फक्त बाहेरच्या लाईनीत. आत सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव ठेवलेली चांदीची पेटी पार उंचावर, खाली फ्लोरेन्सहून आलेला संगमरवरी चौथरा, १६९८ चा. आई म्हणते, "एवढ्या लांबून होय? पंढरपुरात पायावर डोकं ठेवता येतं." मी सांगितलं की साधारण दर १० वर्षांनी पेटी दर्शनासाठी खाली आणतात, यंदाचं दर्शन ५ जानेवारीलाच संपलं, तर तिने असं बघितलं माझ्याकडे की बुकिंग मुद्दाम उशिरा केलं.

समोर रस्त्यापलीकडे से कॅथेड्रल. एका बाजूचा मनोरा १७७६ ला पडला तो पडलाच, धाकट्याला वाटलं काम चालू आहे. तिथल्या हिरवळीवर स्टूल मांडलं आणि एक पाय सरळ जमिनीत, आई कलंडता कलंडता वाचली. मऊ जमिनीवर अजिबात वापरू नका, हे पाकिटावर कुठेच लिहिलेलं नाही.

खरी कामाला आली सेंट ऑगस्टीनच्या पडक्या चर्चला. जांभ्याचा ४६ मीटरचा मनोरा, त्यातली घंटा आता पणजीच्या चर्चला, छत १८४२ ला कोसळलेलं, आणि जमिनीवर जुन्या कबरींच्या कोरलेल्या फरशा. त्यांच्यावर नको म्हणून आईने स्वतःच स्टूल कडेला घेतलं आणि दुसऱ्याच ग्रुपच्या गाईडचं फुकटात ऐकत बसली, जॉर्जियाच्या केतेवान राणीचे अवशेष इथे सापडले, २०२१ ला भारताने ते जॉर्जियाला दिले वगैरे. अर्धा तास! आम्ही उन्हात उभे, ती आरामात. निघताना बघतो तर एका पायाचं रबरी बूच गायब, दगडांच्या फटीत गेलं असणार.

नंतर मेडिकलमधून ४० रुपयांचं नवीन बसवलं, ते आधीच्यापेक्षा घट्ट आहे. बँक, लग्नं, दवाखाना सगळीकडे नेतो. बसताना मूठ पुढे घ्यायची, पाठीमागे टेकायला नाही, पहिल्यांदा सगळे उलटेच बसतात. सीटला अजून तडा नाही पण लॉकचं बटण चौथ्या महिन्यापासून अडकतं, आईला एकटीला उघडत नाही. त्यामुळे ऑनलाईन मागवू नका, दुकानात जाऊन ज्यांना वापरायची आहे त्यांच्याच हाताने पाच-सहा वेळा उघडबंद करून बघा.