मे दिनाचे फलक छापून घेतले, त्याबद्दल
नाशिकच्या सातपूरला ३१ वर्षं फिटर होतो. यंदा १ मेच्या प्रदर्शनाचे आठ फलक अशोक स्तंभाजवळच्या एका दुकानातून छापून घेतले. विषय अमेरिकेतले कामगार: आठ तासांच्या दिवसासाठी १८८६ चा संप, ३ मेला शिकागोत मॅककॉर्मिक कारखान्यापुढचा पोलीस गोळीबार, दुसऱ्या दिवशी तिथल्याच हेमार्केट चौकातला बॉम्ब. एक फलक एडिसनच्या न्यूयॉर्कमधल्या १८८२ च्या वीजकेंद्राचा.

माझा जीव मात्र पुलमनच्या फलकात. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या या मालकाने मंदीत पगार कापले, पण कामगार राहायचे त्या कंपनीच्याच घरांचं भाडं तसंच ठेवलं. १८९४ चा संप त्यातूनच पेटला. हा मजकूर टाइप करता करता दुकानातल्या ताई थांबल्या. "काका, पगार कमी नि भाडं तेवढंच? मग खायचं काय त्यांनी?" काम योग्य हातात पडलंय, हे तेव्हाच कळलं.

हेमार्केटचं चित्र आधी काळपट आलं होतं. मी बोलायच्या आत त्यांनी पुन्हा छापलं, जादा पैसे घेतले नाहीत. कडा दुमडून रिंगा पक्क्या बसवल्यात. दिवसभराच्या वाऱ्यात एकही निघाली नाही. दर थोडा जास्त आहे, पण शुद्धलेखनाची एक चूक सापडली नाही. पुढच्या वर्षीही इथेच देणार.