फ्लास्क: संथपणाची तक्रार चुकीच्या जागी

कोल्हापूरकडच्या काही दूध संस्थांचे आणि गूळ अडत्यांचे हिशेब मी फ्लास्कवर (पायथन भाषेत वेब सॉफ्टवेअर बांधायचा तयार सांगाडा, म्हणजे फ्रेमवर्क) चालवतो. पहाटेचं संकलन, फॅट-एसएनएफचे आकडे, दर दहा दिवसांनी बिल. एकदा बसवलं की पाच-सात वर्षं कुणी हात लावू नये, एवढीच या गिऱ्हाइकांची अपेक्षा. हा रिव्ह्यू त्याच नजरेतून वाचा.

फ्लास्कवर नेहमीचा आक्षेप असा की नवीन व्हर्जन लवकर येत नाही. एका संस्थेच्या सचिवांनी तर फोन करून विचारलं होतं, "सर, आमचा पोरगा इंजिनिअरिंगला हाय. त्यो म्हणतोय हे बंद पडलंय. खरं काय?"

पोराचं अगदीच चूक नव्हतं. आर्मिन रोनाखरच्या एका एप्रिल फूलच्या गमतीतून २०१० मध्ये हे फ्रेमवर्क निघालं आणि बघता बघता पसरलं. पण ०.१० आलं जून २०१३ मध्ये आणि ०.११ थेट मे २०१६ मध्ये. १.० म्हणायला एप्रिल २०१८ उजाडलं. तोवर जगभरच्या लोकांनी शून्यापुढच्या दशांशावर धंदे चालवले. आकडा बघून घाबरणाऱ्याला घाबरायला भरपूर वाव होता.

मी मात्र त्या काळाला बरे मार्क देतो. एक उदाहरण घ्या. एक्स्टेन्शन (फ्लास्कला जोडायचे जादा भाग) कोडमध्ये आणायची, म्हणजे इम्पोर्ट करायची, 'फ्लास्क डॉट एक्स्ट' ही जुनी पद्धत ०.११ मध्ये 'आता वापरू नका' यादीत गेली आणि प्रत्यक्षात काढली १.० मध्ये. मधे जवळजवळ दोन वर्षं. लॉगमध्ये वॉर्निंग दिसते, गुऱ्हाळं थंडावली की निवांत बसून ओळी बदलायच्या. माझ्यासारख्या एकट्या माणसाला हा वेग झेपतो.

आता २०२३ बघा. फ्लास्कच्या पोटात वर्कझोइग नावाची लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेला, आयता वापरायचा कोड) असते. तिच्यातलं 'यूआरएल कोट' हे फंक्शन एप्रिलमधल्या २.३ मध्ये बाद ठरवलं आणि सप्टेंबरमधल्या ३.० मध्ये काढूनच टाकलं. पाच महिने! त्यात फ्लास्क २.२ ने वर्कझोइगला खालची मर्यादा घातली होती, वरची नाही. म्हणजे रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये (लागणाऱ्या लायब्ररींची यादी) फक्त फ्लास्कचा आकडा पक्का करून ठेवलेला माणूस नव्या सर्व्हरवर इन्स्टॉल करायला गेला की पिप (लायब्ररी उतरवून बसवणारं टूल) त्याला वर्कझोइग ३.० आणून देणार आणि फ्लास्क पहिल्याच इम्पोर्टला आडवं पडणार. आपल्या कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नसताना. त्या आठवड्यात ही एरर जगभर लोक एकमेकांना विचारत होते. विश्वास उडतो तो असा. तीन वर्षं काही आलं नाही म्हणून कुणाचं बिल अडलं नव्हतं.

संथपणाचा एक दोष मात्र मान्य. चुकीच्या एन्कोडिंगचा जेसन (डेटा पाठवायचा एक साचा) पाठवून सर्व्हरची मेमरी खायला लावता येईल असं भोक होतं. त्याची दुरुस्ती १.० सोबत आली, आणि त्याआधीचं ०.१२.२ जवळपास वर्षभर जुनं होतं. फीचरला उशीर चालतो, ठिगळाला नाही. तरी १.० वर उडी मारायची नसलेल्यांसाठी त्याच दिवशी ०.१२.३ ही काढलं, हे चांगलं केलं.

दुसरी खटकणारी गोष्ट म्हणजे एलटीएस, म्हणजे लांब मुदतीचा सपोर्ट मिळणारं व्हर्जन, नाही. पॅलेट्सची मंडळी (फ्लास्क आता तेच सांभाळतात, बहुतेक काम स्वयंसेवकांचं) फक्त ताज्या शाखेलाच दुरुस्त्या देतात. जँगोचं (पायथनचंच दुसरं फ्रेमवर्क) तसं नाही: साधारण आठ महिन्यांनी नवीन व्हर्जन, आणि एलटीएसला तीन वर्षं सिक्युरिटी अपडेट. ५.२ हे एलटीएस एप्रिल २०२५ मध्ये आलं, ते एप्रिल २०२८ पर्यंत चालणार, हे आजच कॅलेंडरवर लिहून ठेवता येतं.

फ्लास्क घ्यायचंच असेल तर शेवटच्या रिलीजची तारीख बघून ठरवू नका. गिटहबवर (फ्लास्कचा कोड जिथे ठेवलाय ती साइट) बदल आत घेतले जातायत का, कुणी इश्यूंना उत्तर देतंय का, ते बघा. आणि पिप फ्रीझ (बसवलेल्या सगळ्या लायब्ररींचे आकडे काढणारी कमांड) करून वर्कझोइग, जिंजासकट (पानं तयार करणारी लायब्ररी) प्रत्येक लायब्ररीचा आकडा बांधून टाका. नुसता फ्लास्कचा बांधून भागत नाही.

सपोर्ट कधीपर्यंत ते लेखी मागणारं टेंडर असलं की मी जँगो सुचवतो. दूध संस्थेला अजूनही फ्लास्कच देतो.