हरिहर: हर्षेवाडीतून की निरगुडपाड्यातून?

त्र्यंबकेश्वरजवळचा हरिहर गड एका दिवसात सहज होतो. प्रश्न वाटेचा. हर्षेवाडीची वाट जवळची, चढही कमी. पण वाडीपर्यंतचा रस्ता आम्ही गेलो तेव्हा इतका उखडलेला होता की शेवटचा टप्पा गाडी पहिल्या गिअरमध्येच चालवली. निरगुडपाडा खोडाळ्याच्या रस्त्याला लागूनच, पण तिथून चाल लांब आणि उन्हात घाम काढणारी.

दोन्ही वाटा शेवटी त्याच कातळकोरीव पायऱ्यांपाशी येतात. जवळजवळ ऐंशी अंशांत उभ्या! प्रत्येक पायरीला दोन्ही बाजूंना खोबण्या कोरल्या आहेत, त्यांत बोटं घट्ट रुतली की जीव भांड्यात पडतो. १८१८ मध्ये गड इंग्रजांनी घेतला; इतर अनेक गडांच्या वाटा त्यांनी तोडल्या, पण इथल्या पायऱ्या टिकल्या, हे आपलं भाग्यच.

मला विचाराल तर निरगुडपाडा. तिथून येताना गडाचा तो सरळसोट कडा समोर उभा राहतो आणि पाय आपोआप उचलतात. लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी सोबत असतील तर मात्र हर्षेवाडीच बरी, खड्डे सोसून. आणि कुठूनही जा, शनिवार-रविवार टाळा. पायऱ्यांवर वर जाणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की बाजूला व्हायला जागाच नसते.