फायब्रोमायॅल्जियासाठी दादरचे पेन क्लिनिक: समजावणी उत्तम, वेळापत्रक गैरसोयीचे

सर्वांग दुखते, झोपून उठल्यावरही थकवा जात नाही आणि शरीरातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर व सीआरपी या रक्ततपासण्या, थायरॉईड हे सगळे रिपोर्ट मात्र नॉर्मल येतात, अशा रुग्णाला मुंबईत बहुधा एका तज्ज्ञाकडून दुसऱ्याकडे फिरत राहावे लागते. संधिवाततज्ज्ञांनी फायब्रोमायॅल्जिया या दीर्घकाळ अंग दुखवणाऱ्या आजाराचे निदान केल्यावर मी दादर पश्चिमेच्या एका पेन क्लिनिकमध्ये, म्हणजे वेदनांवर उपचार करणाऱ्या दवाखान्यात, जाऊ लागले.

या क्लिनिकची खरी कमाई म्हणजे तिथल्या डॉक्टरीणबाईंची समजावून सांगण्याची हातोटी. शरीरावरचे ठरावीक १८ बिंदू दाबून त्यांपैकी ११ दुखतात का हे पाहण्याचा १९९० चा निकष त्यांनी धरून ठेवला नाही. २०१० पासून वेदना किती भागांत पसरली आहे, थकवा, झोप व विस्मरण यांची तीव्रता किती आणि हे तीन महिने टिकून आहे का, याला महत्त्व आले आहे, असे सांगून त्यांनी तेच प्रश्न विचारले.

दुखणे स्नायूत जाणवत असले तरी बिघाड मुख्यतः वेदनेच्या संदेशांवर होणाऱ्या प्रक्रियेत आहे, हे त्यांनी मेंदू आणि मज्जारज्जूचे चित्र काढून दाखवले. मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणारे काही मार्ग सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन या रसायनांच्या साहाय्याने वेदनेला लगाम घालतात. या आजारात तो लगाम सैल पडलेला दिसतो. उलट बाजूने, वेदनेचा संदेश पुढे नेणारे सबस्टन्स पी हे रसायन अनेक रुग्णांच्या मेंदू-मज्जाद्रवात (मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात) वाढलेले आढळले आहे आणि मेंदूच्या इन्सुला या भागात चेतापेशींना उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटचे प्रमाणही अधिक दिसले आहे. फोडणीच्या धुरालाही आगीची घंटा वाजावी, तसा लोकलमधला साधा धक्का इतका का दुखतो, हे मला तेव्हा कळले. मात्र ही रसायने मोजून एखाद्या रुग्णाचे निदान करता येत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले; त्यामुळे एका प्रयोगशाळेने सुचवलेली ‘न्यूरोट्रान्समीटर पॅनेल’ची महागडी तपासणी मी केली नाही.

औषध म्हणून ड्युलोक्सेटिन मिळाले. ‘ही तर डिप्रेशनची गोळी’ असे घरातून ऐकावे लागले (औषधाच्या दुकानातूनही, तेही न विचारता!), परंतु हे औषध सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन या दोन्ही रसायनांचा चेतापेशींमधला वावर वाढवते, त्याचा वेदनेवरील परिणाम केवळ मन प्रसन्न होण्यातून येत नाही, आणि अमेरिकेत २००८ पासून त्याला याच आजारासाठी मान्यता आहे, एवढी उत्तरे माझ्याजवळ तयार होती. सुरुवातीला मळमळ होईल आणि गोळी मनाने एकदम बंद करायची नाही, हे आधीच बजावले गेले होते. दुखणे गेलेले नाही. सकाळचा ताठरपणा मात्र पूर्वीपेक्षा लवकर सुटतो.

फिजिओथेरपीविषयी तक्रारीला जागा नाही. २०१७ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत ठाम शिफारस केवळ व्यायामाची आहे, आणि इथला व्यायाम अंगावर न येणारा असतो: आधी शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीचे थोडे अंतर, दुसऱ्या दिवशी दुखणे किती वाढले ते पाहून मगच पुढचे पाऊल.

तक्रार आहे ती बाहेरच्या खोलीतील कारभाराची. डॉक्टर ज्याचा उल्लेखही करत नाहीत, ते व्हिटॅमिन ड्रिपचे पॅकेज स्वागतकक्षात आग्रहाने गळ्यात मारले जाते; मागितल्याशिवाय पावती मिळत नाही. झोपेविषयीचे समुपदेशन फक्त कामाच्या दिवशी दुपारी असते, म्हणजे नोकरदार माणसाने प्रत्येक वेळी अर्धी रजा टाकायची. फी हलकी नाही, आणि विम्यात ओपीडीचा समावेश नसेल तर ती खिशातूनच भरावी लागते. जाणार असाल तर जुने रिपोर्ट सोबत न्या, कारण डॉक्टर ते नीट वाचतात आणि त्याच तपासण्या पुन्हा करायला लावत नाहीत. ड्रिपबद्दल कोणी विचारले, तर ‘डॉक्टरांनी लिहून दिले की घेईन’ एवढे उत्तर पुरते.